आधीं निर्णय, मग विचारणा

कॅल्गरीस राहणारे आमचे एक स्नेही दर दोनतीन वर्षांनीं पुण्यास येतात. व्यवसायानें ते अभियंते; उमेदीचीं सारीं वर्षें तेलाच्या धंद्यांत गेलेलीं; मराठी वाचन त्यांनीं अद्यापि सोडलेलें नाहीं, आणि वाद घालण्याची हौस तर मुळींच सोडलेली नाहीं. गेल्या खेपेस जेवणें आटोपून पानसुपारी चालली असतां त्यांनीं एक गाऱ्हाणें मांडलें. कॅनडाच्या भूमींत अफाट तेल आहे. परंतु तें परदेशीं विकावयाचें म्हटलें तर गिऱ्हाईक जवळजवळ एकच, अमेरिका. आणि एकुलतें एक गिऱ्हाईक पडेल भावानें माल उचलतें हें वाण्याच्या पोरासही कळतें. पॅसिफिक महासागरापर्यंत एक नळ नेला असता तर आशियाचा बाजार मोकळा झाला असता. तो नळ आंखला होता. त्यास सरकारची मंजुरीही मिळाली होती. “आणि चारदोनशें कोळ्यांनीं व शहरांत बसून झाडांचे गोडवे गाणाऱ्या मंडळींनीं तो बुडविला. एका राष्ट्राचें नशीब एका खेड्याच्या हातीं!” असें म्हणून त्यांनीं विडा तोंडांत घातला, जणूं कांहीं वाद संपला.

आमच्या मतें वाद तेथें संपत नाहीं, सुरू होतो. तो एका मराठी मासिकांत करण्याचें कारण असें कीं, हें गाऱ्हाणें एकट्या आमच्या स्नेह्यांचें नव्हे. ज्या घरचा मुलगा किंवा जांवई त्या देशीं नोकरीस आहे, अशा कित्येक सुशिक्षित घरांत आम्ही तें ऐकलें आहे, आणि ऐकणारांनीं बहुतेक ठिकाणीं मान डोलाविली आहे. मान डोलविण्यापूर्वीं हकीकत काय घडली एवढें तरी पाहावें, इतकीच आमची प्रार्थना.

ज्या योजनेविषयीं हें बोलणें चालतें तिचें नांव नॉर्दर्न गेटवे, म्हणजे उत्तरेचें द्वार. एन्ब्रिज नांवाच्या कंपनीनें ती काढली. आल्बर्टा प्रांतांत एडमंटन शहराजवळ ब्रूडरहाइम म्हणून एक गांव आहे. तेथून निघून रॉकी पर्वत आणि त्यांपलीकडचे किनारी पर्वत ओलांडून ब्रिटिश कोलंबिया प्रांताच्या उत्तर किनाऱ्यावरील किटिमॅट बंदरापर्यंत १,१७७ किलोमीटर लांबीचे दोन नळ जोडीनें टाकावयाचे होते. थोरल्या नळांतून दररोज ५,२५,००० पिंपें तेल पश्चिमेकडे जावयाचें आणि धाकट्यांतून एक हलका द्रव उलट दिशेनें यावयाचा. हा दुसरा नळ कशाला, हें समजून घेतल्यावांचून पुढील वाद उमगणार नाहीं. आल्बर्टाचें हें तेल विहिरींतून उसळणारें तेल नव्हे. वाळूंत मुरलेलें तें डांबर आहे. थंडीच्या दिवसांत काकवीहूनही घट्ट. तें नळांतून वाहावें म्हणून त्यांत हलका द्रव मिसळून तें पातळ करावें लागतें. आतां असा नळ फुटला म्हणजे मिसळलेला द्रव वाऱ्यावर उडून जातो, आणि मागें उरलेल्या डांबराचा पुष्कळ भाग गाळ-माती घेऊन तळाशीं जाऊन बसतो. पाण्यावर तरंगणारें तेल गोळा करण्याच्या युक्त्या आहेत. तळाशीं बसलेलें डांबर काढावयाचें म्हणजे नदीचा तळच खरवडावा लागतो.

ही आमची कल्पना नव्हे. घडलेली गोष्ट आहे, आणि ती घडण्याची वेळही मोठी विलक्षण. कंपनीनें आपला अर्ज २०१० च्या मे महिन्यांत दाखल केला. त्यास दोन महिने होतात न होतात तोंच, २५ जुलै रोजीं, त्याच कंपनीचा अमेरिकेंतील मिशिगन राज्यांतून जाणारा एक नळ मार्शल गांवाजवळ फुटला. नळाची देखरेख शेंकडों कोस दूर एडमंटन येथील नियंत्रणकक्षांतून होत असे. तेथें धोक्याच्या सूचना एकामागून एक वाजूं लागल्या. बसलेल्या मंडळींनीं त्यांचा अर्थ असा लाविला कीं, नळांत तेलाचा स्तंभ कोठेंतरी तुटून पोकळी झाली असावी. आणि ती भरून काढण्यासाठीं त्यांनीं फुटक्या नळांतून पुन्हां तेल सोडलें. एकदां नव्हे, दोनदां. सतरा तास हा प्रकार चालला. अखेरीस नळ फुटल्याची बातमी कंपनीस कोणी दिली म्हणाल, तर तिच्या यंत्रांनीं नव्हे, दुसऱ्याच एका गॅस कंपनीच्या माणसानें! तोंपर्यंत आठ लक्ष गॅलनांहून अधिक तेल एका ओढ्यावाटे कॅलामाझू नदींत उतरलें होतें, आणि त्यांतील बहुतेक भाग त्या दोन वेळां नव्यानें सोडलेल्या तेलाचा होता. नदीचा सुमारें ३५ मैलांचा पट्टा नासला. तळ उपसण्याचें काम वर्षानुवर्षें चाललें आणि खर्च शंभर कोटी डॉलरांच्या वर गेला. अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळानें २०१२ सालीं चौकशीचा निकाल दिला, तेव्हां मंडळाच्या अध्यक्षा डेबोरा हर्समन ह्यांस कंपनीची ती वागणूक पाहून जुन्या मूकपटांतील धांदरट पोलिसांच्या टोळीची आठवण झाली. त्याच चौकशींत असेंही निघालें कीं, नळ जेथें उलला तेथील भेगांची खूण २००५ सालच्या तपासणींतच दिसली होती.

ह्यावर आमचे स्नेही म्हणाले, “तो नळ १९६९ सालचा. नवा नळ जाड पोलादाचा, नव्या यंत्रांनीं युक्त असा व्हावयाचा होता.” असेल. परंतु नळ जुना होता तशीं नियंत्रणकक्षांतील माणसें जुनीं नव्हतीं. आणि नव्या नळावरही अखेर माणसेंच बसावयाचीं होतीं.

बरें, नळ न फुटतां किटिमॅटपर्यंत सुखरूप पोंचला असें धरून चालूं. तेथें काम संपत नाहीं, अर्धेंच होतें. किटिमॅट हें उघड्या समुद्रावरचें बंदर नव्हे. डग्लस चॅनेल नांवाची खाडी डोंगरांच्या भिंतींमधून लांबवर आंत शिरली आहे, तिच्या टोंकाशीं तें वसलें आहे. वर्षास दोनशेंहून अधिक प्रचंड तेलवाहू जहाजें बेटांच्या गर्दींतून वळणें घेत ह्या वाटेनें आंत यावयाचीं आणि भरून बाहेर जावयाचीं होतीं. हीं वळणें कशीं आहेत ह्याचा पुरावा आधींच मिळाला होता. २००६ सालच्या मार्च महिन्यांत, २२ तारखेस मध्यरात्रीनंतर, ‘क्वीन ऑफ द नॉर्थ’ नांवाची उतारूंची आगबोट ह्याच टापूंत गिल बेटावर जाऊन आदळली. वाट नेहमींची, बोट माहितगारांच्या हातची. ज्या ठिकाणीं वळावयाचें तेथें ती वळली नाहीं, इतकेंच. बोटीवर १०१ माणसें होतीं. जवळ हार्टली बे म्हणून गिटगाट लोकांचें एक लहानसें गांव आहे. बिनतारी संदेश कानीं पडतांच तेथील लोक अंधारांत आपापल्या होड्या घेऊन बाहेर पडले. ९९ जीव वांचले. दोघांचा ठाव लागला नाहीं. बोट आपल्या इंधनासकट तळाशीं गेली.

ज्यांस आमचे स्नेही ‘चारदोनशें कोळी’ म्हणतात ते हेच. मासे, शिंपले, समुद्रांतील शेवाळ हें ह्या लोकांचें अन्न आणि त्यावरच त्यांचा सारा संसार. त्यांस समुद्राची भीति दुसऱ्यानें शिकवावी लागली नव्हती. अलास्काच्या किनाऱ्यावर १९८९ सालीं ‘एक्झॉन वॉल्डेझ’ खडकावर चढलें आणि एक कोट दहा लक्ष गॅलन तेल सांडलें, ती हकीकत त्यांच्याच शेजारची.

आतां कंपनीनें ही वाट लोकांपुढें कशी मांडली तें पाहावें. २०१२ सालच्या उन्हाळ्यांत तिनें आपल्या योजनेचें एक चलच्चित्र प्रसिद्ध केलें. त्यांत किटिमॅटपासून समुद्रापर्यंतचें पाणी असें मोकळें, रुंद व निर्धास्त दिसत होतें कीं पाहणारास वाटावें, येथें झोंपेंतही जहाज हांकतां येईल! कारण सोपें होतें. चित्रांतून बेटेंच गाळलीं होतीं. सुमारें हजार चौरस किलोमीटरांचीं बेटें! आक्षेप निघाल्यावर कंपनीनें खुलासा केला कीं, चित्र केवळ सामान्य कल्पना देण्यापुरतें आहे. आम्हांस ह्यांत लबाडीपेक्षांही अधिक बोचतें तें निराळेंच. ज्या नकाशावर आपलें गांव व आपलीं बेटें कधीं ठळक नव्हतींच, त्यावरून तीं पुसलीं गेलीं तर कंपनीच्या कचेरींत कोणाच्याही नजरेस खटकलें नाहीं. जो तेथें राहतो त्यानें पहिल्या क्षणीं बोट ठेवून विचारलें असतें, ‘बेटें कोठें आहेत?’

आणि येथें आम्ही मुद्द्याशीं येतों. त्या लोकांस विचारावयाचें होतें, ही मेहेरबानी नव्हती. तो कॅनडाचा कायदा होता. ब्रिटिश कोलंबियाचा बहुतेक मुलूख तेथील आदिवासींनीं कोणत्याही तहान्वयें कोणास दिलेला नाहीं. १९८२ च्या राज्यघटनेच्या ३५ व्या कलमानें त्यांचे हक्क मान्य केले. १९९७ सालीं डेल्गामूक खटल्यांत सर्वोच्च न्यायालयानें जमिनीवरील त्यांच्या मूळ स्वामित्वाचें स्वरूप सांगितलें. आणि २००४ सालीं हैडा लोकांच्या खटल्यांत असें बजावलें कीं, हक्काचा निवाडा लागावयाचा असला तरीही त्यास बाध येईल असें कांहीं करण्यापूर्वीं सरकारनें त्या लोकांशीं विचारविनिमय केलाच पाहिजे. म्हणजे कंपनीनें अर्ज दाखल केला त्यापूर्वींच हा दंडक सर्वांस ठाऊक होता.

प्रत्यक्षांत काय झालें? सुनावणीसाठीं तिघांचें एक मंडळ नेमलें. त्याची पहिली बैठक हैस्ला लोकांच्या किटामाट गांवीं १० जानेवारी २०१२ रोजीं भरली. तिच्या आदल्याच दिवशीं केंद्रीय मंत्री जो ऑलिव्हर ह्यांनीं एक उघडें पत्र काढून, विरोध करणाऱ्यांमागें पर्यावरणवाले व इतर जहाल गट आहेत आणि त्यांस परदेशचा पैसा मिळतो, असा आरोप केला. साक्षीदार अद्यापि उभा राहिलेला नाहीं, आणि यजमान त्यास दारांतच लुच्चा म्हणतो! त्याच वर्षीं जून महिन्यांत अंदाजपत्रकाच्या एका जाडजूड विधेयकांत घालून पर्यावरण-तपासणीचा कायदाच बदलला. मुदती आंखडल्या, आणि अखेरचा शब्द मंत्रिमंडळाकडे घेतला. खेळ अर्ध्यावर आला असतां सोंगट्या उचलून नवा पट मांडण्याचा हा प्रकार. प्रांतिक सरकारनेंही २०१३ च्या मे महिन्यांत मंडळापुढें विरोध नोंदविला. तरी मंडळानें त्या वर्षाच्या अखेरीस २०९ अटी घालून शिफारस केली. ज्या कामास दोनशें नऊ अटी लागतात तें काम मुळांत कितपत निर्धोक असेल, ही शंका आम्ही वाचकांवरच सोंपवितों.

किटिमॅट शहराचें मत १२ एप्रिल २०१४ रोजीं घेतलें गेलें. नोकऱ्या जेथें यावयाच्या तेंच हें शहर. कंपनीनें प्रचारास पैसा कमी केला नव्हता. अनुकूल मतें १,२७८ पडलीं, प्रतिकूल १,७९३. शेजारच्या किटामाट गांवांतील हैस्ला लोकांस तर मत देण्याचा अधिकारच नव्हता, कारण गांव नगरपालिकेच्या हद्दीबाहेर. तरीही १७ जून २०१४ रोजीं हार्पर ह्यांच्या मंत्रिमंडळानें मंजुरी दिली. नऊ दिवसांनीं, २६ जून रोजीं, सर्वोच्च न्यायालयानें सिल्कोटिन लोकांच्या खटल्यांत एका विवक्षित प्रदेशावर आदिवासींचें मूळ स्वामित्व प्रथमच जाहीर केलें. दैवानें इतका चोख काळ साधल्याचीं उदाहरणें थोडीं.

ह्या दोन तारखांच्या मध्यें आणखी एक लहानशी गोष्ट घडली. हार्टली बेच्या बायकांनीं लोकरीच्या धाग्याची विणलेली एक लांबच लांब सांखळी होड्यांवरून नेऊन डग्लस चॅनेलच्या एका कांठापासून दुसऱ्या कांठापर्यंत ताणून धरली. कित्येक किलोमीटरांची ती सांखळी. तिला मुलांच्या अंगड्यांटोपड्यांसारख्या वस्तु बांधलेल्या. तेलाचें जहाज अशा धाग्यानें अडत नाहीं हें त्यांस काय कळत नव्हतें? पण सरकारी कागदांत ज्यांचें ‘नाहीं’ दिसेना, त्यांनीं तें पाण्यावर तरी दिसेल असें केलें.

२०१६ च्या जून महिन्याच्या ३० तारखेस संघीय अपील न्यायालयाचा निकाल जाहीर झाला आणि मंजुरी रद्द झाली. आमच्या स्नेह्यांनीं हा निकाल एकदां मन शांत ठेवून वाचावा, अशी त्यांस आमची विनंति आहे. तीन न्यायमूर्तींपैकीं दोघांनीं तो दिला. तिसऱ्यांचें मत भिन्न पडलें. बहुमतवाल्या दोघांनीं नळ वाईट आहे असें म्हटलें नाहीं. झाडें, मासे, समुद्र ह्यांचे गोडवे गायिले नाहींत. विचारविनिमयाचा जो आराखडा सरकारनें आंखला होता तोही त्यांनीं ग्राह्य मानला. सरकारचा हेतु दुष्ट होता असेंही म्हटलें नाहीं. दोष दाखविला तो एवढाच कीं, मंडळाचा अहवाल आल्यानंतरच्या अखेरच्या टप्प्यांत जी प्रत्यक्ष बोलणीं व्हावयाचीं तीं तोकडीं, घाईचीं व अपुरीं झालीं. सरकारचे अधिकारी आले, त्यांनीं ऐकलें, टिपून घेतलें आणि ते गेले. उत्तर देण्याचा किंवा अटींत एक अक्षर बदलण्याचा अधिकार त्यांस नव्हता. अहवालांत आमच्याविषयीं अमुक चूक आहे असें सांगितलें तर ती दुरुस्त होईना. मुदत वाढवून मागितली तर मिळेना. थोडा वेळ आणि थोडी तयारी एवढ्यानें हें टळलें असतें, असेंही न्यायालयानें म्हटलें आहे.

तेव्हां ‘मूठभरांनीं नळ बुडविला’ हें म्हणणें वस्तुस्थितीस धरून नाहीं. नळ बुडाला तो विचारणाऱ्याच्या अंगच्या गुर्मीमुळें. मुलीचें लग्न ठरवून, मांडव घालून, पत्रिका वांटून झाल्यावर तिला ‘तुझी पसंती आहे ना?’ असें विचारणारे बाप आमच्या समाजांतही झाले. त्यांस आम्ही कांहीं विचारविनिमय करणारे म्हटलें नाहीं. ज्या प्रश्नास ‘नाहीं’ हें उत्तर देण्याची सोय ठेवलेली नाहीं तो प्रश्नच नव्हे, सूचना आहे.

आमच्या स्नेह्यांच्या पक्षांत एक मुद्दा खरा आहे आणि तो लपविणें प्रामाणिकपणाचें होणार नाहीं. सगळे आदिवासी विरोधी नव्हते. आदिवासी व मेटी समाजांपैकीं ३१ समाजांनीं योजनेंत भागीदारी पत्करली होती. त्यांस रोजगार हवा होता, पैसा हवा होता, आणि ह्याबद्दल त्यांस कोणीं नांवें ठेवण्याचें कारण नाहीं. योजना फसल्यानें त्यांचें नुकसान झालें हेंही खरें. परंतु वरच्या आळीनें वाटा घेतला म्हणून खालच्या आळीच्या विहिरीचा सौदा होत नाहीं. डोंगरावरच्या गांवाचा होकार किनाऱ्यावरच्या गांवास बांधत नाहीं. तेल समुद्रांत सांडलें तर सोसावयाचें कोणास, हाच तर मूळ प्रश्न होता. नफ्याचे वांटेकरी कॅल्गरीपासून ओटावापर्यंत पसरलेले. जोखमीचा वांटा मात्र सगळा एका खाडीच्या कांठीं.

दुसरा टोला ते असा लगावतात कीं, तुम्ही स्वतः मोटारींतून हिंडतां, मग तेलाच्या नळास नाकें कां मुरडतां? आम्ही नाक मुरडीत नाहीं. तेल हेंच पाप असें म्हणणाऱ्यांच्या पंथांत आम्ही नाहीं, आणि त्या पंथाच्या कांहीं मंडळींनीं किनाऱ्यावरच्या लोकांचा आपल्या पताकेसाठीं उपयोग करून घेतला असेंही आम्हांस वाटतें. परंतु मीठ खातों म्हणून मिठागर शेजाऱ्याच्या शेतांत त्यास न विचारतां घालावें, हें शास्त्र कोठलें?

नळास जागा मिळूंच शकत नाहीं, विरोधक सगळेंच अडवितात, ही ओरडही खोटी ठरली आहे. ट्रूडो ह्यांच्या मंत्रिमंडळानें २९ नोव्हेंबर २०१६ रोजीं नॉर्दर्न गेटवे कायमची नामंजूर केली, आणि त्याच दिवशीं दक्षिणेकडील ट्रान्स माउंटन ह्या जुन्या नळाची वाढ मंजूर केली. (एका हातानें वनदेवतेस ओटी, दुसऱ्यानें तेलास वाट, ह्या दिवसास नीतीचा विजय म्हणणारांचें आम्हांस हसूं येतें.) २०१८ च्या ऑगस्टमध्यें ती मंजुरीही न्यायालयानें रद्द केली, कारणांत एक तेंच, विचारणा अपुरी. ह्या वेळीं सरकारनें पुन्हां जाऊन बोलणीं केलीं, २०१९ मध्यें नव्यानें मंजुरी दिली, आणि २०२० च्या फेब्रुवारींत त्याच न्यायालयानें ती उचलून धरली. विरोध तेव्हांही होता. पण विचारणा खरी झाली असें ठरतांच न्यायालयानें विरोधकांस नकार दिला. हा नळ २०२४ च्या मे महिन्यांत वाहूं लागला. तो सरकारनें २०१८ सालीं ४५० कोटी डॉलरांस विकत घेतला होता आणि वाढीचें काम पुरें होईपर्यंत खर्च ३,४०० कोटींच्या घरांत गेला. हें ओझें करदात्यांवर पडलें. त्याबद्दल स्नेह्यांनीं चकार शब्द काढला नाहीं. कदाचित् विडा तोंडांत होता म्हणून असेल.

हें जुनें प्रकरण आम्ही आतां कां उकरून काढलें, असें कोणी म्हणेल. उत्तर किनाऱ्यावर मोठ्या तेलवाहू जहाजांस बंदी करणारा कायदा २०१९ सालीं झाला, तेव्हां पुष्कळांस वाटलें कीं प्रकरण मिटलें. तसें झालें नाहीं. २७ नोव्हेंबर २०२५ रोजीं पंतप्रधान कार्नी आणि आल्बर्टाच्या मुख्य मंत्री डॅनिएल स्मिथ ह्यांनीं एका सामंजस्यपत्रावर सह्या केल्या. आशियाच्या बाजारासाठीं दररोज निदान दहा लक्ष पिंपांचा नवा नळ, आणि जरूर तर जहाजबंदीच्या कायद्यांत फेरफार, असें त्यांत होतें. आदिवासींशीं विचारविनिमय करूं, त्यांस भागीदारी देऊं, हीं वाक्यें त्यांतही आहेत. ब्रिटिश कोलंबियाचे मुख्य मंत्री डेव्हिड ईबी ह्यांनीं, आम्हांस ह्या बोलण्यांत घेतलें नाहीं, अशी तक्रार केली. किनाऱ्यावरील आदिवासींच्या मंडळानें आपला विरोध त्याच वेळीं कळविला.

आमच्या स्नेह्यांस ही बातमी आम्हीच पत्रानें कळविली. त्यांचें उत्तर उत्साहाचें आलें: ह्या खेपेस सरकार शहाणें झालें आहे, बोलणीं व्यवस्थित होतील. तसें होवो. फक्त त्या सामंजस्यपत्रावर सह्या दोनच होत्या, एक ओटावाची आणि एक आल्बर्टाची. किनाऱ्याच्या सहीसाठीं कागदावर जागा सोडलेली नव्हती.